तोलक सोडत नाही

केशर तांडेलचे डोहाळजेवण दणक्यात पार पडले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तोलकाने तिच्या होणाऱ्या बाळाची नोंद करायला नकार दिला. पडद्यावर एकच ओळ उमटली : ‘साधनमर्यादा ओलांडली आहे. नोंद करता येत नाही.’

वसाहतप्रमुख नलिनीताई शेंडगे यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. पृथ्वीवर असो की चंद्रावर, बिघडलेल्या यंत्रावर माणसाचा पहिला उपाय हाच असतो. ओळ पुन्हा आली. मग त्यांनी यंत्राला दोन चापट्या मारल्या, तरीही आली. शेवटी त्यांनी पृथ्वीवर निरोप धाडला की, असतील नसतील ते शहाणे लोक पुढच्या यानाने पाठवून द्या.

पृथ्वीवर आपण श्वास सोडतो आणि विसरून जातो. पुढचे झाडे बघतात, समुद्र बघतो. श्वेतगाव हे चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीखाली वसलेले साठेक माणसांचे गाव. तिथे हा निष्काळजीपणा परवडत नाही. बाहेर हवा नाही आणि आत आहे तेवढीच आहे. आज जो कार्बन मेथीच्या पानात आहे, तो उद्या भाजीबरोबर माणसाच्या पोटात जाणार, परवा उच्छ्वासातून हवेत आणि तेरवा पुन्हा मेथीत. या फेऱ्यात कुठे किती माल अडकला आहे हे सतत ठाऊक असावे लागते, नाहीतर एक तर झाडे उपाशी राहतात किंवा माणसे गुदमरतात. हे गणित सांभाळणाऱ्या यंत्राचे नाव तोलक. नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात तो टेबलावर मावणारा एक जुनाट संगणक होता आणि त्यातली नोंदप्रणाली मुळात बर्फाळ प्रदेशातल्या दहा-बारा जणांच्या तळासाठी कुणीतरी घाईघाईत लिहिलेली होती. गावाच्या श्वासाचे गणित परक्याच्या हाती नको म्हणून त्याला बाहेरच्या कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नव्हते. त्यामुळे तो बिघडला की दुरुस्त करणाऱ्याला स्वतः चंद्रावर यावे लागे.

गावातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला मसुराएवढा एक ‘तोलबिंदू’ बसवलेला होता. भांड्यात काय आणि किती आहे हे त्याला कळे. आणि प्रत्येक घराच्या दाराशी ‘तोलउंबरा’ होता. भांडे कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले, जाताना भरलेले होते की रिकामे, हे उंबरा टिपून घेई आणि तोलकाला कळवी. घराच्या आत कोण कोणाला काय वाढतो याच्याशी उंबऱ्याला देणेघेणे नव्हते.

माणसांचीही अशीच नोंद असे. तिला ‘श्वासनोंद’ म्हणत. श्वासनोंदीशिवाय श्वेतगावात कोणी श्वास घ्यायचा नाही, हा पहिला नियम. बाळही याला अपवाद नव्हते. आठवा महिना लागण्याआधी नोंद झाली नाही तर केशरला पृथ्वीवर पाठवावे लागणार होते. अकरा वर्षे चंद्राच्या हलक्या ओढीत राहिलेल्या बाईने एकदम सहापट जड व्हायचे आणि तशात बाळंतपण. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की, तिथे तिला शेवटपर्यंत पडूनच राहावे लागेल. बरे, नवऱ्याने सोबत जावे म्हटले तर तेही शक्य नव्हते. कारण विश्रामला तोलक सोडत नव्हता.

‘तोलक सोडत नाही’ हे वाक्य श्वेतगावात उठताबसता ऐकू येई. खरे तर सगळे दोन वर्षांच्या करारावर आलेले होते. करार संपला की तोलक त्या माणसाचे गावातले सगळे व्यवहार पूर्ण झाले आहेत का ते तपासणार आणि मग परतीचा आदेश काढणार, अशी योजना होती. अर्धवट व्यवहार सोडून माणूस गेला तर गणित बिघडते, हे त्यामागचे कारण. फक्त आजारी माणसाला आणि गरोदर बाईला सूट होती, तीही तिच्या एकटीपुरती. गेली नऊ वर्षे तोलक प्रत्येकाच्या नावापुढे ‘व्यवहार अपूर्ण’ असे लिहीत होता. का, ते कोणी खोदून विचारले नाही. जुनी माणसे तिथेच राहतात हे पृथ्वीवरच्या संस्थेलाही सोयीचेच होते. आणि लोक घरी कळवून टाकत, आम्ही आलो असतो हो, पण तोलक सोडत नाही. अलिबागजवळच्या थळमध्ये राहणाऱ्या आपल्या बापाला विश्राम तांडेल दर निरोपात हेच सांगत असे.

अशा या गावात, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या श्वासनोंदीवर, शलाका टिपणीस येऊन दाखल झाली. पुण्याची, चौतिशीची, नोंदप्रणालींची डॉक्टर. अडलेल्या यंत्रांच्या पोटात शिरण्यात तिचा हातखंडा होता. पुण्यात ती एकटी राहत असे. तिचे जेवण बंद खोक्यातून दारात येई आणि रिकामे खोके दारातूनच परत जाई. ते कोण आणते आणि कोण नेते हे तिने कधी पाहिले नव्हते.

“झालंय काय याला?” नलिनीताईंनी विचारले.

“कुलपं संपलीत,” शलाका म्हणाली.

“कसली कुलपं? आमच्याकडं कुणी दाराला कडी लावत नाही.”

शलाकाने मान वर केली. बाई सोलापूरच्या आणि प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नाहीत, हे तिच्या लक्षात आले होते.

“असं समजा, एक कढई आहे आणि दोन बायका स्वयंपाक करतायत...”

“दोन पुरुष म्हणा. निम्मा आठवडा चूल त्यांच्याकडं असते इथं.”

“बरं, दोन पुरुष. दोघांनी एकाच वेळी मीठ घातलं तर भाजी खारट होणार. म्हणून नियम करायचा की, ज्याच्या हातात डाव त्यानंच मीठ घालायचं. त्यानं डाव खाली ठेवला की मग दुसऱ्याची पाळी. तोलक हेच करतो. एखादा व्यवहार अर्धवट असेल तर त्या नोंदीवर कुलूप लावतो. तो पुरा झाला की कुलूप काढतो.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं आहे, पण एका वेळी किती कुलपं सांभाळायची याला मर्यादा आहे. दहा हजारांच्या आसपास. ती आधीच भरली आहे. आणि बाळाची नोंद करायची म्हणजे गावातल्या प्रत्येकाचा हवेतला वाटा जरासा बदलणार, म्हणजे एकूण एक नोंद एकदम हातात धरायला हवी. तेवढे डाव तोलकाकडे उरलेच नाहीत.”

“उरले नाहीत म्हणजे? गेले कुठं?”

“तेच बघायचंय,” शलाका म्हणाली.

पहिला उपाय तिने पुस्तकातला केला आणि मर्यादाच वाढवली. तोलक आज्ञाधारकपणे कामाला लागला, पण दुपारच्या जेवणापर्यंत नवी ओळ आली : ‘स्मृती अपुरी.’ फडताळ मोठे आणले, पण ते ठेवायला खोलीच नाही, असा प्रकार झाला. मग तिने बाळाच्या नोंदीचे काम एकदम न करता थोडे थोडे करून पाहिले. पहिले दोन हप्ते सुरळीत गेले आणि तिसऱ्याला पुन्हा तीच रड.

केशरचा नवरा विश्राम तोलकाच्या खोलीत येऊन-जाऊन असे. तो गावातल्या पाण्याच्या नळ्या सांभाळी. हसरा माणूस, आणि बायकोच्या काळजीने त्याला स्वस्थ बसवत नव्हते.

“कुलपं तोडता नाय येत?” त्याने एकदा विचारले. हातात पाना होताच.

“येतात. पण मग त्या भांड्यांत जे काही होतं ते हरवलं असं तोलक धरून चालेल. ते भरून काढायला झाडांची हवा तोडेल. आणि आठवड्याभरात आपल्या सगळ्यांना धाप लागेल.”

विश्रामने पाना खिशात घातला. “मग नको. पण लवकर करा बाय. ती एकटी गेली तर माझा जीव इथं कसा लागायचा?”

यान परतायला तीन दिवस उरले होते. नोंद झाली नाही तर त्यातच केशरने बसायचे होते.

त्या संध्याकाळी केशरने शलाकाला वाटीभर मटकीची उसळ पाठवली. स्वतःच्या मळ्यातली मटकी, वरून ओला नारळ नाही म्हणून खेद व्यक्त करणारी चिठ्ठी. शलाकाने उसळ चाटूनपुसून खाल्ली. वाटी स्वच्छ धुतली, कोरडी केली आणि सकाळी केशरच्या घरी नेऊन दिली. घर जवळच होते.

केशरने वाटी हातात घेतली आणि आत बघितले. मग शलाकाकडे बघितले. मागे उभ्या असलेल्या विश्रामनेही मान लांब करून वाटीत बघितले.

“धुतली आहे,” शलाका म्हणाली.

“हो, हो. छान धुतलीये,” केशर घाईने म्हणाली. तिचा चेहरा मात्र असा झाला होता की, जणू पाहुणीने आल्या आल्या शिवी दिली असावी.

आपले काय चुकले हे न कळून शलाका तोलकाच्या खोलीत परतली आणि पडद्याकडे बघून जागीच थबकली. लावलेल्या कुलपांचा आकडा चारशेहून जास्त उतरला होता. ती आल्यापासून तो आकडा फक्त चढतच होता. ती मागे वळून धावत सुटली. चंद्रावर धावायची सवय नसल्याने वाटेत दोनदा छताला डोके आपटले.

“केशर, वाटी परत करताना तुम्ही लोक काय करता?” तिने धापा टाकत विचारले.

केशरला वाटले, ही माफी मागायला आली. “जाऊ दे हो. तुम्हांला माहीत नव्हतं.”

“नाही, सांगाच. काय करता?”

“काय करणार? त्यात काहीतरी घालून देतो. साखर, कढीपत्त्याची चार पानं, घरात असेल ते. भांडं रिकामं कसं परत करायचं? बरं दिसतं का ते?”

“आणि ज्यांचं भांडं, ते लोक?”

“ते पुढच्या वेळी पुन्हा काहीतरी पाठवतात.”

“मग तुम्ही?”

“मग आम्ही.”

“अहो, पण मग हे संपतं कधी?”

“संपवायचं कशाला?” केशरने विचारले.

शलाका खालीच बसली. ज्याने ही प्रणाली लिहिली त्याच्या डोक्यात साधा हिशेब होता. भांडे भरून जाते, रिकामे परत येते, उंबऱ्यावर त्याचे रिकामे वजन होते आणि व्यवहार संपतो. परत येणाऱ्या भांड्यात काही असेल ही शंकाच त्याला आली नव्हती. इथे तर अकरा वर्षांत एकही भांडे मालकाच्या उंबऱ्यावरून रिकामे आत गेले नव्हते. जुना व्यवहार उघडाच राहायचा आणि त्याच भांड्यावर नवा उघडायचा. केशरच्या त्या एका वाटीवर चारशेच्या वर कुलपे साठली होती. डोहाळजेवणाला तर अख्खे गाव डबे घेऊन आले होते. टोमॅटोच्या फुलांची वाडी काय भरली, सांडगे काय आले, लाडू काय आले. मग ओटी भरून घेतलेल्या केशरने प्रत्येकाचा डबा काही ना काही घालून परत पाठवला, आणि तिथे तोलकाने हात टेकले.

“म्हणजे माझ्याच डोहाळजेवणानं माझं बाळ अडवलं?” केशर म्हणाली, आणि तिला इतके हसू आले की विश्रामने तिला धरून खाली बसवले.

उपाय आता सरळ होता. नलिनीताईंनी सगळ्यांना मळ्यात बोलावले आणि फर्मान काढले. उद्या दिवसभरात ज्याचे भांडे त्याला परत करायचे, आणि रिकामे करायचे. कोणी वाईट वाटून घ्यायचे नाही.

“ताई, हे काय बोलताय ओ?” हमीद इनामदार उठला. गावाच्या मुख्य दारांची देखभाल करणारा हा गडी मिरजेचा, आणि त्याच्याकडच्या शेवया अख्ख्या गावाला ठाऊक. “तुमचा डबा माझ्या घरात आहे. तो मी मोकळा आणून देऊ? अम्मीला कळलं तर तिकडनं जोडा फेकून मारील.”

“बाळासाठी द्या,” नलिनीताई म्हणाल्या. “बाळ आलं की डबल भरून द्या.”

दुसऱ्या दिवशी श्वेतगावच्या बोगद्यांत जे चालले होते ते बघण्यासारखे होते. भांड्यांवर नावे कोरलेली होती म्हणून मालक शोधायला अडचण पडली नाही. अडचण पडली ती हात रिकामा पुढे करायला. लोक भांडे देत आणि दुसरीकडे बघत. ज्यांच्या तोंडाला कधी कुलूप नसे, तेही दारात वाटी ठेवून न बोलता निघून जात. हमीदने नलिनीताईंचा डबा नेऊन दिला तर उंबऱ्यावरचा दिवा लालच राहिला. शलाकाने झाकण उघडले. तळाशी साखरेचे चार दाणे होते.

“हे काय?”

“चिकटले असतील,” हमीद म्हणाला.

“चारही बरोबर मध्ये?”

हमीदने मुकाट्याने दाणे तोंडात टाकले आणि डबा फडक्याने पुसला. दिवा हिरवा झाला. असे प्रकार दिवसभर चालले. कोणाच्या पातेल्यात एक लवंग निघाली, कोणाच्या पेल्यात पुदिन्याचे पान. शलाका दारोदार फिरून शाळेतल्या बाईंसारखी भांडी तपासत होती. तिला आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती, असे तिने स्वतःच नंतर कबूल केले.

संध्याकाळी आकडा शून्यावर आला. शलाकाने बाळाची नोंद पुन्हा टाकली. तोलकाने क्षणभर विचार केला आणि लिहिले : ‘श्वासनोंद मंजूर. बाळ तांडेल.’ मळ्यात टाळ्या पडल्या. विश्रामने केशरला उचलून एक गिरकी घेतली. चंद्रावर सात महिन्यांची गरोदर बायको उचलणे फारसे अवघड नसते, तरी नलिनीताई त्याच्यावर ओरडल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घराच्या दारावरच्या पाटीवर, घरातल्या एकेकाच्या नावापुढे एक नवीन मजकूर होता.

‘व्यवहार पूर्ण. करार समाप्त. परतीचा आदेश : यान आज संध्याकाळी.’

नऊ वर्षे तुंबलेले आदेश एकदम सुटले होते. शलाकाला घेऊन आलेले यान जाताना जवळजवळ रिकामेच जायचे होते, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. अर्ध्या तासात सगळे गाव तोलकाच्या खोलीबाहेर जमले.

“ही कसली दुरुस्ती म्हणायची बाई?” नलिनीताई कडाडल्या. “यंत्र नीट झालं आणि गाव उठलं!”

शलाका पडद्याकडे धावली. तिने करार पुन्हा वाचला, प्रणाली पुन्हा वाचली. “थांबा,” ती म्हणाली. “ज्याच्या नावावर उघडा व्यवहार असेल त्याचा आदेश आपोआप रद्द होतो. यानाचं दार बंद होईपर्यंत वेळ आहे. ज्याला राहायचंय त्यानं कोणाकडून तरी काहीतरी घ्यावं, नाहीतर द्यावं. उंबऱ्यावरून, स्वतःच्या हातानं.”

तिचे बोलणे पुरे व्हायच्या आत लोक पांगले. आदल्या दिवशी माना खाली घालून ज्या बोगद्यांतून भांडी परत आली होती, तिथून आता पातेली, वाट्या, तांबे, जे हाती लागेल ते धावत निघाले. कोणी पीठ मागितले, कोणी नुसते पाणी. दोघांनी एकमेकांना एकाच वेळी मीठ देऊ केले आणि कोण आधी घेणार यावरून वाद घातला. हमीदने तर शेवयांचे घमेलेच बाहेर काढले. सगळेच राहिले असे मात्र नाही. भूगर्भशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या चौबळ पती-पत्नींनी सामान बांधायला घेतले. त्यांना नातू झाला होता. त्यांच्या दारात कोणीही भांडे घेऊन गेले नाही. सगळे आपण होऊन थांबले.

केशरने पहिल्या झटक्यालाच नलिनीताईंकडून वाटीभर तांदूळ आणले. पाटीवरचे तिचे नाव पुसले गेले. विश्रामचे तसेच होते.

तो घरातल्या गवाक्षापाशी बसला होता. जमिनीवरून खाली उतरवलेल्या आरशांतून तिथे क्षितिजाला टेकलेली पृथ्वी दिसे, आणि तिच्यावरचा निळा भाग. हा समुद्राचा माणूस. होडीवर वाढलेला. अकरा वर्षे कोरड्या दगडाच्या पोटात नळ्या जोडत राहिला, आणि कधी कुरकुर केली नाही.

“बाबांना आता काय सांगू?” तो म्हणाला. केशरला म्हणाला की स्वतःला, ते तिला कळले नाही.

“जे सांगायचं ते,” ती म्हणाली.

दारात हमीद आला. “विश्राम, धर रे लवकर. अंबाडीची भाजी आणलीये.”

विश्राम उठला नाही. “केशरकडं दे,” तो म्हणाला.

हमीदने केशरकडे बघितले. मग त्याने वाटी तिच्या हातात दिली आणि एरवी तासभर गप्पा मारणारा हा माणूस लगेच निघून गेला. उंबऱ्याने ती वाटी केशरच्या नावावर टिपली.

केशरला बोलायचे होते. जा ना, कोणाकडून तरी चिमूटभर काहीतरी आण, एवढेच वाक्य. त्याने ऐकलेही असते. तिचा शब्द तो मोडत नसे. पण मग तो राहिला असता तो तिच्या सांगण्यावरून, आणि तो आपण होऊन राहतो का हे तिला कधीच कळले नसते. कालपर्यंत असा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता. तोलक सोडत नव्हता, म्हणून दोघे इथे होते, एवढे सरळ होते सगळे. तिला तोलकाचा राग आला, शलाकाचा आला, आणि आपण एवढ्या घाईने तांदूळ का आणले याचाही आला. ती चुलीपाशी जाऊन तांदूळ निवडत बसली. चंद्रावरच्या तांदळात खडे नसतात, तरी निवडत बसली.

यानाची पहिली घंटा झाली. विश्राम तसाच होता. दुसरी घंटा झाली तेव्हा तो उठला, एक पेला घेतला आणि बाहेर पडला. केशरने मान वर केली नाही.

परत आला तेव्हा पेल्यात हळद होती. “हमीदकडची,” तो म्हणाला. “काय भांडं घेऊन गेलो बघ, हळद कोणी पेल्यात आणतं काय?” आणि तो हसला, नेहमीसारखाच. पाटीवर त्याचे नाव राहिले नव्हते. केशरही हसली. त्याला तिने जवळ ओढून घेतले आणि तिला रडू आले. ते आनंदाचे होते, बरेचसे.

तिसऱ्या घंटेआधी ती शलाकाला निरोप द्यायला यानाच्या दालनात गेली. हातात काहीच नव्हते. काही दिले तर शलाकाच्या नावावर व्यवहार उघडणार आणि तिला जाता येणार नाही. पाहुणीला असे कोरडे पाठवायचे केशरच्या फार जिवावर आले होते.

“सगळं नीट झालं ना?” शलाकाने विचारले.

“झालं. तुमचे उपकार आहेत.” केशरने आवाज खाली आणला. “तुम्ही पडद्यासमोर होता ना सगळा वेळ? कोणाचं नाव कधी गेलं ते दिसत होतं?”

“दिसत होतं.”

“विश्रामचं कितवं गेलं?”

शलाकाने आयुष्यभर नोंदींशी काम केले होते आणि एकही नोंद कधी चुकीची सांगितली नव्हती. विश्रामचे नाव सर्वांत शेवटी गेले होते. त्याच्या आधीचे नाव जाऊन खूप वेळ झाला होता. त्या वेळात ती एकटक पडद्याकडे बघत बसली होती.

“मधे कुठेतरी,” ती म्हणाली. “गर्दी होती. नीट लक्षात नाही.”

“मधे,” केशर म्हणाली.

“हो.”

“तुम्हांला खोटं बोलायची सवय नाही.”

शलाकाने खांद्यावरची पिशवी सावरली. तिच्यामागे यानाचे दार उघडे होते आणि चौबळ पती-पत्नी आपापल्या जागी बसून पट्टे आवळत होते.

“तोलक आता ठीक आहे,” काहीतरी बोलायचे म्हणून शलाका म्हणाली. “पण तुम्ही लोक काही बदलणार नाही. वाट्या अशाच फिरत राहिल्या तर दहा वर्षांनी तो पुन्हा अडेल. तेव्हा कळवा, मी येईन.”

“दहा वर्षं?”

“साधारण.”

“त्याच्या आधी नाही का अडवता येणार? कोणाला सोडणारच नाही असा?” केशरने विचारले.

शलाकाला वाटले, ती थट्टा करते आहे, आणि ती हसली. पण केशर पोटावर हात ठेवून तशीच उत्तराची वाट बघत उभी होती.